बाहेरून कुलूप

माझ्या पासपोर्टवर कायमचा पत्ता म्हणून बमरोलीचं घर लिहिलेलं होतं. दिल्लीत मी कायम भाड्याने राहिले, दोन-तीन वर्षांनी घर बदलत राहिले, त्यामुळे कायमचं म्हणून लिहायला दुसरं घरच नव्हतं. म्हणून ज्या सकाळी माझ्या दिल्लीच्या फ्लॅटची झडती झाली, त्याच सकाळी सुरतेला बमरोलीतही झाली. दिल्लीत आलेल्यांनी बूट बाहेर काढले होते की नाही, मला आठवत नाही. बमरोलीत काढले होते. माय पुढे कित्येक दिवस येईल त्याला हेच सांगत होती, की चांगली माणसं होती, बूट बाहेर काढून मग आत आली.

बाबा शहाद्याकडून सुरतेला आले ते लूम चालवायला. कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. बाबांचं अर्धं आयुष्य खात्यात गेलं, आणि त्या आवाजात त्यांचे कान गेले. घरात ते ओरडून बोलत आणि आम्ही ओरडून उत्तर देत असू. दिल्लीला गेल्यावर पहिल्या ऑफिसात मला लोकांनी हळूच सांगितलं होतं, जरा आवाज कमी कर. मी कमी केला. पुढे इतका कमी केला की बड्या अधिकाऱ्यांना माझ्यासमोर वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेला माणूस थोडं जास्त बोलून जातो, हे मला उमगलं.

महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, कॉलेज इथेच केलं, आणि रिंग रोडवरच्या एका हिंदी दैनिकात लागले. कापड मार्केटच्या बातम्या लिहायचे. दिल्लीला एका मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रात जागा मिळाली तेव्हा मला इंग्रजी लिहिता येत होतं, बोलता येत नव्हतं. संरक्षण खात्याची बातमीदारी माझ्याकडे आली ती अपघाताने. त्या विभागातला माणूस आजारी पडला आणि दुसरं कोणी मोकळं नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं मी त्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून काढली. पट्टेवाले ओळखू लागले, मग त्यांचे साहेब ओळखू लागले. एका साहेबांना कळलं की मी सुरतेची. ते धरूनच चालले की वडिलांचा कापडाचा धंदा आहे. "मिसेसला दोन-तीन साड्या हव्यात, तुमच्या दुकानातून होलसेलमध्ये जमेल का?" मी धाकट्या भावाला फोन केला. तो बिचारा मार्केटमध्ये हिंडून साड्या निवडून पाठवायचा. साहेबांच्या मिसेसना त्याची निवड आवडायची. माझे वडील साड्या विकत नाहीत, त्यांनी साड्यांचं कापड फक्त विणलं आहे, हे सांगायची वेळ कधी आलीच नाही. साड्या मात्र जात राहिल्या.

पुढे मी सीमेवर जाऊ लागले. बर्फातल्या चौक्या, दलदलीतल्या चौक्या, जिथे महिनाभर बायकोशी न बोललेले जवान माझ्याकडे बघून आधी उभे राहत आणि मग लाजत. मी लिहीत गेले, दोन पुस्तकं झाली. टीव्हीवर चर्चेला बोलावणं येऊ लागलं. त्या दिवशी बाबा शेजाऱ्यांना घरात बोलावून बसवत. त्यांना काही ऐकू येत नसे, चर्चा इंग्रजीत, पण ते माझ्या ओठांकडे बघत बसत. गल्लीत मला 'आपली दिल्लीवाली' म्हणत. गणपतीत आले की मंडळाची आरती माझ्या हातून. मला ते सगळं अवघड वाटायचं, तरी आवडायचंही.

तिसऱ्या पुस्तकाने घात केला. एका सीमेवरच्या चौकीला धोक्याची सूचना आधी मिळायला हवी होती आणि ती वेळेत पोचली नाही, ती कुठे अडकली, हा त्या पुस्तकाचा विषय. लिहिलं ते खरं होतं, आजही मी त्यातलं वाक्य मागे घेणार नाही. पण त्यातला एक मजकूर गोपनीय कागदातला आहे, तो माझ्याकडे आला कसा, अशी चौकशी सुरू झाली. मला दोन दिवस बसवून विचारलं. ज्यांनी मला तो सांगितला त्यांचं नाव मी घेतलं नाही. ह्या भागाबद्दल मला लाज नाही. माझ्या धंद्यात हे व्हायचंच, आणि आमच्यातले काही तर अशा चौकशीचा तुरा मिरवतात.

लाजेची गोष्ट बमरोलीत घडली.

सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा सगळी गल्ली ओट्यावर असते. त्याच वेळी दोन गाड्या येऊन थांबल्या. साध्या कपड्यातली माणसं उतरली. त्यांना पंच हवे होते, म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला आणि समोरच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी बोलावलं. म्हणजे जे लोक टीव्हीवर मला बघायला आमच्या घरात येऊन बसायचे, तेच आता आमच्या घराची झडती बघायला आत आले. बाबांना काहीच ऐकू येईना. अधिकारी विचारी, बाबा "हां हां" म्हणत मान डोलवत. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हणाले, "आंडेर शे मन्ही." मुलगी आहे माझी. त्यांना वाटलं, ओळख पटली की ही माणसं चहा घेतील.

मायची पेटी उघडली. तिची लग्नातली साडी बाहेर काढून पलंगावर ठेवली, मग नीट घडी घालून परत ठेवली. मायचा फोन नेला. आणि मग पर्वत पाटियाला भावाच्या दुकानात जाऊन त्याचा कॉम्प्युटर नेला.

भावाचं एम्ब्रॉयडरीचं जॉबवर्क होतं. व्यापारी साड्या देतात, हा मशीनवर भरतकाम करून परत देतो. सगळी डिझाइनं त्या कॉम्प्युटरमध्ये. मी कधीतरी सुट्टीत आले असताना त्याच्या दुकानातून ऑफिसला मेल पाठवला होता, तेवढं कारण पुरलं. मशीनं बंद पडली. व्यापाऱ्यांना त्याने सांगितलं की कॉम्प्युटर बिघडलाय. पण मार्केटला कळायला काय लागतं? ज्यांचा माल त्याच्याकडे पडून होता ते एकेक करून माल उचलून घेऊन गेले. कोणी वाईट बोललं नाही. "भाई, तुमचं पहिलं निपटू द्या, नंतर बघू," एवढंच.

वर्तमानपत्राने मला 'काही दिवस आराम' करायला सांगितलं. घरमालकिणीने तिच्या मुलाचं लग्न ठरल्याचं सांगून फ्लॅट मागितला. तिला मुलगा होता हेच मला त्या दिवशी कळलं. मी दोन बॅगा घेऊन सुरतेला आले.

गल्लीत रिक्षातून उतरले तेव्हा दुपार होती. बायका उंबऱ्यात बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होत्या. नेहमी आले की "आली का ग दिल्लीवाली" म्हणून उठायच्या. ह्या वेळी एकीने हसून मान हलवली आणि पुन्हा टिकल्यांकडे बघितलं. मायने दार उघडलं, बॅगा आत ओढल्या आणि लगेच दार लोटून घेतलं. उन्हाळा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात दार लोटत नाहीत, हवाच लागत नाही.

"काय व्हयनं, माले काय समजनं नही," माय म्हणाली. "तू कोनले काय दिधं?"

"कोणाला काही दिलं नाही माय. पुस्तक लिहिलं."

"पुस्तकाकरता घर उघडतात?"

मी तिला समजावायला बसले. पंचवीसेक वर्षं हेच काम केलेलं, पण अहिराणीत ते सांगता येईना. 'गुप्तवार्ता' ह्याला अहिराणीत काय म्हणणार? शेवटी मी म्हणाले, "सरकारच्या घरातली एक गोष्ट मला कळली, ती मी बाहेर सांगितली." माय माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात लहानपणी मला आणि भावाला सगळ्यात जास्त मार कशाबद्दल बसला असेल, तर घरातली गोष्ट बाहेर सांगितल्याबद्दल. माझं वाक्य संपल्यावर मलाच ते ऐकू आलं. माय पीठ मळायला उठली.

भावाच्या मुलीचं लग्न आधीच ठरलेलं होतं. मुलाकडचे सुरतेजवळच्या पलसाण्याचे, मूळचे आमच्याच बाजूचे. मुलाचे वडील तिथल्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगाचे मास्टर, मुलगाही तिथेच लॅबमध्ये. साखरपुड्याला मी आले होते. तेव्हा व्याह्यांनी मला मंडपात सगळ्यांसमोर उभं करून ओळख करून दिली होती, "आपल्या समाजाची बाई, देशाच्या सीमेवर जाऊन येते." भाची माझी लाडकी. लहानपणी ती माझ्या बॅगेत घुसून बसायची, मला पण दिल्लीला ने म्हणून.

लग्न जवळ येत होतं आणि मी घरात बसून होते. बाहेर पडले की लोक गप्प होत, म्हणून पडत नव्हते. पत्रिका वाटायला भाऊ आणि वहिनी जात. मी आत बसून पत्रिकांवर नावं लिहून द्यायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. एका संध्याकाळी भाऊ आला आणि मला म्हणाला, "ताई, गच्चीवर ये ना. एक वात करायची होती, बोलायचं होतं."

गच्चीवर मायने मिरच्या वाळत घातल्या होत्या. तो त्या गोळा करू लागला. मीही करू लागले.

"मुलाकडचे जरा..." तो म्हणाला.

"काय म्हणाले?"

"म्हणजे त्यांचे सगळे पाहुणे येणार. गावाकडचे, डाइंगचे मालक पण येणार. तिथे तू दिसलीस तर लोक विचारतील. तुला माहीत आहे लोक कसे असतात."

मला कळलं होतं. तरी मी त्याच्या तोंडून ऐकायला थांबले.

"हळदीला घरी राहा तू. हळद घरातच आहे. फक्त लग्नाच्या दिवशी वाडीत..." आमच्याकडे लग्नाच्या हॉलला वाडी म्हणतात. "तू नाही आलीस तर बरं."

तो खाली बघत होता. माझा धाकटा भाऊ, ज्याला मी खांद्यावर घेऊन ह्याच गच्चीवर पतंग दाखवला होता. त्याच्या दुकानातली मशीनं अजून बंदच होती. त्याने आजवर मला त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"बरं," मी म्हणाले. "तू काळजी करू नको. मीच येत नाही म्हण."

त्याने मान हलवली आणि मिरच्यांची पाटी उचलून खाली गेला. मला त्याचा राग आला नाही. उलट वाटलं, आजवर सगळे गप्प होते, निदान ह्याने स्पष्ट सांगितलं. मी त्या गच्चीवर उभी राहिले आणि मला माझ्या अंगाचा वास यावा तशी माझी लाज वाटत होती. नवल म्हणजे मी काही केलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी लाज तसूभर कमी होत नव्हती.

बाबांना भावानेच सांगितलं, की मुलाकडच्यांची अशी अट आहे. बाबांनी त्याच्याकडून दोनदा ओरडून वदवून घेतलं. मग म्हणाले, मीही जाणार नाही. नातीचं लग्न आणि आजोबा नाहीत, हे कसं चालेल? मी त्यांच्यापुढे हात जोडले. मायने रडून घेतलं. शेवटी बाबा तयार झाले, पण नवा सदरा घालणार नाही म्हणाले. तोही मी लग्नाच्या सकाळी इस्त्री करून त्यांच्या अंगात घातला, बटणं मी लावली. ते लहान मुलासारखे हात वर करून उभे होते आणि भिंतीकडे बघत होते.

माझा एकच प्रश्न राहिला होता. सगळे गाडीत बसून गेले आणि घर उघडं दिसलं, तर गल्ली म्हणेल, आत्या घरातच आहे. मग विचारतील, ती लग्नाला का गेली नाही. मी मायला म्हणाले, "जाताना बाहेरून कुलूप लाव."

"घरना मानूसले कोंडू का मी?"

"लाव माय. लोकांना वाटू दे मीही गेले."

तिने लावलं. कडीचा आवाज आला, मग कुलपाचा, मग बायकांच्या बांगड्या आणि गाडीचं दार. मी पंखा लावला नाही. दिवाही नाही. पलंगावर बसून राहिले.

बमरोलीत शांतता कधीच नसते, लूमचा आवाज भिंतीतून येतच राहतो, म्हणून मला वाटलं होतं की आतली हालचाल कोणाला कळणार नाही. तरी मी पाय उचलून ठेवत होते. दुपारी कोणीतरी दार वाजवलं. कुरिअरवाला असावा. शेजारीण त्याला म्हणाली, "सगळे लग्नाला गेलेत, पर्वत पाटियाला." "कोणीच नाही?" "कोणी नाही." मी दाराच्या ह्या बाजूला, हातभर अंतरावर, श्वास रोखून उभी होते. सीमेवर एकदा एका चौकीत आम्हाला अंधारात असंच गप्प बसवलं होतं. तेव्हा भीती होती, पण आत कुठेतरी ऐटही होती, की हे मी लिहीन. ह्या दारामागे कसली ऐट? शेजारणीला मी मावशी म्हणायचे. तिने मला लहानपणी न्हाऊ घातलेलं. ती माझ्या वतीने नकळत खोटं बोलत होती आणि मी ते ऐकत होते.

फोनवर भाचीने माळ घालतानाचा व्हिडिओ कोणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आवाज बंद करून मी तो पाहिला. ती मंचावरून इकडेतिकडे बघत होती. नवरी मुलगी अशी बघत नाही. मग तिने माळ घातली आणि व्हिडिओ संपला.

संध्याकाळी सगळे परत आले. मायने पदराखाली डबा आणला होता, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. "जेवी ले," म्हणाली. बट्टी थंड झाली होती. मी सगळी खाल्ली, कारण बाबा समोर बसून बघत होते.

त्यानंतर मी कामाचं बघू लागले. दिल्लीतून चौकशीला एक-दोनदा बोलावणं आलं, जाऊन आले. एका प्रकाशकासाठी भाषांतरं करू लागले, नाव न घालता. दुकान भावाने पुन्हा सुरू केलं, उधारीच्या कॉम्प्युटरवर, आधीची निम्मी मशीनं चालवून. आम्ही दोघं एकमेकांशी नीट वागत होतो. फार नीट.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. भाचीची पहिली आखाजी, म्हणून व्याही स्वतः तिला घेऊन सोडायला आले. पलसाण्याहून मोटारसायकलवर न येता गाडी करून आले होते, आंब्यांची पेटी घेऊन. भाऊ अजून दुकानातून यायचा होता. बाबा पुढे झाले, त्यांना बसवलं. भाची आत मायच्या गळ्यात पडली. माझ्याकडे बघून "बरी आहेस ना आत्या" म्हणाली आणि वहिनीच्या मागे स्वयंपाकघरात गेली. मी पाणी घेऊन बाहेर आले. मला परत आत पळायचं होतं, पण व्याही म्हणाले, "बसा ना ताई."

मी बसले. ते पाणी प्यायले. त्यांची नखं निळसर होती, रंगाच्या कामाने झालेली. सावकाश बोलणारा माणूस.

"एक विचारू का? वाईट नका मानू."

मी मनात म्हटलं, आलं. आता चौकशीचं विचारतील.

"लग्नात तुम्ही आल्या नाहीत."

मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"आम्ही वाट बघत होतो. माझ्या मालकांना मी सांगून ठेवलं होतं, की ताई येणार आहेत, भेट करून देतो. गावाहून माझा थोरला भाऊ मुद्दाम आला होता, तुम्हाला बघायला. मुहूर्त पण आम्ही थोडा थांबवला. मग तुमच्या भावाने सांगितलं, की ताईला जमत नाही." ते जरा हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "माझी बायको म्हणाली, दिल्लीची माणसं, साखरपुड्याला आली तेच पुष्कळ. रंगवाल्याच्या लग्नात कशाला येतील? मी म्हटलं, तसं नसेल. पण बराबर नाही वाटलं आम्हाला. मनात राहून गेलं, म्हणून बोललो."

बाबांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. पण समोरचा सावकाश बोलत असेल तर बाबा ओठ वाचतात, खात्यातली सगळीच माणसं वाचतात. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं.

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. खरं सांगायचं, तर भाऊ खोटा पडत होता, त्याच्याच व्याह्यांसमोर, त्याची लेक आत स्वयंपाकघरात असताना. बाबांचे ओठ उघडले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चूक झाली माझी," मी व्याह्यांना म्हणाले. "कामात अडकले होते. यायला हवं होतं."

"काम तर असणारच तुम्हाला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला नाही. त्यांना कदाचित वेगळं काही ऐकायचं होतं, आजारी होते असं काही. तेही मला त्या वेळी सुचलं नाही. तेवढ्यात भाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. हातातली मिठाईची पिशवी त्याने तशीच धरून ठेवली होती.

व्याही जेवून गेल्यावर, भाची शेजारी झोक्यावर गेल्यावर, बाबांनी भावाला समोर बसवलं.

"तुले कोनी सांगं?"

भावाने मिठाईची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

बाबा पुन्हा ओरडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "तुले कोनी सांगं, तिले आनू नको म्हनीसन?"

"कोणी नाही," भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कोणी काही बोललं नव्हतं ताई. मला वाटलं ते बोलणारच. ते बोलायच्या आत आपणच... मार्केटमध्ये पण कोणी आधी बोललं नव्हतं ना. माल उचलून नेला तेव्हाच कळलं. मुलीचं पण तसंच झालं असतं तर?"

तो रडू लागला. चाळिशी ओलांडलेला माणूस, मिठाईची पिशवी मांडीवर घेऊन. बाबांनी त्याला मारायला हात उचलला आणि तो स्वतःच्या कपाळावर नेला.

मला भावाचा राग तेव्हाही आला नाही. मी माझ्याच विचारात होते. आयुष्यभर मोठमोठ्या हुद्द्यांच्या माणसांना मी एकच विचारत आले, हे तुम्हाला कोणी सांगितलं, तुम्ही स्वतः ऐकलं का? ह्या एका सवयीवर माझी नोकरी चालली, पुस्तकं झाली. गच्चीवर भाऊ "मुलाकडचे जरा" एवढं म्हणून अडखळला, आणि मी "काय म्हणाले" असं विचारलंसुद्धा. त्याने उत्तर दिलंच नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला ते इतकं साहजिक वाटलं होतं, की कोणी बोललं असेलच. मीही त्यांच्या जागी असते तर मला बोलावलं नसतं, असं मला आतून वाटत होतं. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात असं मी धरून चालले होते, त्या नजरेने खरं तर मीच माझ्याकडे बघत होते. आणि मावशी, किराणावाला, टिकल्या लावणाऱ्या बायका? त्यांच्यातले किती जण खरंच गप्प झाले होते, आणि कितींच्या समोरून मीच मान खाली घालून निघून गेले होते, हे आता मला सांगता येत नाही.

चौकशी मिटली. पुढची कारवाई करायची नाही, असं कळवलं गेलं. वस्तू परत मिळाल्या. मायचा फोन सुरू झाला. भावाचा कॉम्प्युटर झाला नाही. पुस्तक दुकानांत पुन्हा दिसू लागलं, आणि जुन्या ऑफिसातून ये म्हणून फोनही आला. मी गेले नाही. दिल्लीला महिन्यातून एकदा जाते, बाकी इथून लिहिते. बमरोलीतच, ह्याच घरात. मावशीकडे एक दिवस जाऊन मी तिला खरं सांगितलं, की त्या दिवशी मी आत होते. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुझ्या चपला खिडकीतून दिसत होत्या." मग तिने मला खिचडी वाढली.

भाचीला मात्र मी सांगितलं नव्हतं. तिला तिच्या पप्पांनी सांगितलं होतं की आत्यानेच नकार दिला. ती माझ्याशी वर्षभर बेतानेच बोलली. मग तिच्या डोहाळजेवणाला मी पलसाण्याला गेले, सगळ्यांच्या आधी, न सांगता. तिच्या केसांत गजरा माळत होते, तेव्हा ती आरशातून म्हणाली, "आजोबांनी सांगितलं मला. फोनवर. ओरडूनच सांगितलं, शेजारच्यांनी पण ऐकलं असेल." तिला हसू आलं, मग डोळे भरले. "सासऱ्यांना मी काही बोलले नाही. पप्पांचं कसं दिसेल?"

"बरं केलंस," मी म्हणाले.

म्हणजे आता आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या घरात कोणालाच नाही. व्याही मला अजून मोठं माणूस समजतात, मानी, आपल्याला कमी लेखणारं, पण मोठं. त्या दिवशी डोहाळजेवणाची पंगत जमिनीवर बसली. बाबा, माय, भाऊ, व्याह्यांचे गावचे पाहुणे, सगळे मांडी घालून. मीही बसायला वाकले, तोवर व्याह्यांनी आतून खुर्ची आणली, पुढे टीपॉय ठेवला. "तुम्ही वर बसा ताई. तुम्हाला सवय नसेल." विहिणीने माझ्यासाठी वेगळं ताट आणि कोल्ड्रिंकची बाटली आणून ठेवली. मी नको म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. भाऊ पानाकडे बघत भात कालवत होता. मी खुर्चीवर बसले आणि जेवू लागले.